कुणाकडे जायचे आणि कुणाकडे नाही : एलजीबीटीक्यू मुलामाणसांना मदत करणारे थेरपिस्ट आणि सोशल वर्कर



आरोग्याच्या विषयांवर आपण इथे डायबेटिसबद्दल वाचतो, गुडघ्यांबद्दल वाचतो, विसरभोळेपणाबद्दलही वाचतो. आजचा विषय आपल्या वयाची माणसे सहसा मोठ्याने बोलत नाहीत. पण नातवंडे मोठी झाली की तो घरात येतो. नातू सांगतो की मला मुलगी नको, मुलगा आवडतो. भाची सांगते की मी मुलगी नाहीच, मला मुलाच्या नावाने हाक मारा. मग घरात धावपळ सुरू होते. डॉक्टरकडे न्यायचे की राब्बीकडे? की कुणाकडेच नाही? अशा वेळी मदत करणारी शिकलेली, परवाना असलेली माणसे आहेत. ती कोण, काय करतात, खरी आणि खोटी कशी ओळखायची, एवढेच या लेखात सांगायचे आहे. मी निवृत्त नर्स आहे, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहते, त्यामुळे इथली माहिती जास्त देते. पण मुंबई-पुणे आणि इस्राएलमधल्या वाचकांसाठीही पुढे लिहिले आहे.

आधी शब्द समजून घेऊ

एलजीबीटीक्यू ही इंग्रजी आद्याक्षरे आहेत. स्त्रीचे प्रेम स्त्रीवर असेल तर लेस्बियन, पुरुषाचे पुरुषावर असेल तर गे. मराठीत दोघांनाही समलिंगी म्हणतात. दोन्हींकडे ओढ असेल तर बायसेक्शुअल, म्हणजे उभयलिंगी. जन्माच्या वेळी दाईने किंवा डॉक्टरने जे लिंग सांगितले ते मनाला आपले वाटत नाही, ती व्यक्ती ट्रान्सजेंडर. क्यू म्हणजे क्विअर. पूर्वी ही शिवी होती, आता तरुण मुले तोच शब्द स्वतःसाठी अभिमानाने वापरतात. कुणावर प्रेम बसते ही एक गोष्ट आणि आपण स्वतः स्त्री की पुरुष ही दुसरी. या दोन्हींची गल्लत करू नये.

हा आजार नाही, हे कसे ठरले

१९७० च्या सुमारास आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करत होतो तेव्हा मानसिक आजारांच्या यादीत समलिंगी असणे हेही होते. आपल्या पिढीतल्या पुष्कळांच्या डोक्यात अजून तीच यादी आहे. ती कशी बदलली ते सांगते.

लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५० च्या दशकात ३० समलिंगी आणि ३० इतर पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या. नावे झाकून ते कागद नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवले. कोणता कागद कुणाचा हे त्यांना ओळखता आले नाही. हे काम १९५७ मध्ये छापून आले. त्याआधीचे डॉक्टर फक्त दवाखान्यात आलेले दुःखी लोकच बघत होते. हूकरबाईंनी कामधंदा करणारी, नेहमीचे आयुष्य जगणारी माणसे पाहिली. फरक तिथे पडला.

मे १९७२ मध्ये डॅलसला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनात एक डॉक्टर मुखवटा आणि विग घालून, आवाज बदलणारा माइक घेऊन बोलायला उभे राहिले. ‘मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि समलिंगी आहे,’ अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते. ते फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन फ्रायर. नोकरी जाईल म्हणून चेहरा झाकावा लागला, यातच त्या काळाची सगळी गोष्ट आली. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, त्याच संघटनेने समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केले. ट्रान्सजेंडर असणेही मानसिक आजारांच्या प्रकरणातून तिने २०१९ च्या नव्या यादीत काढले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच जाहीर केले, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीने राहणाऱ्या प्रौढांना वगळले.

मग कुणी विचारेल, आजार नाही तर थेरपिस्ट कशाला? त्रास असतो तो भीतीचा. घरी कळले तर काय, सिनेगॉगमध्ये कळले तर काय, शाळेत मारतील का. वर्षानुवर्षे लपवाछपवी केली की झोप जाते, जेवण जाते, मन खचते. उपचार करायचा तो या ओझ्यावर. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा : खरा थेरपिस्ट मुलाला बदलायला बसत नाही, मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरवायला बसतो.

कोण काय करतो

अमेरिकेत नावापुढची अक्षरे पाहून गोंधळ होतो. थोडक्यात असे :

• सायकियाट्रिस्ट : एम.डी. डॉक्टर. औषध लिहून देतो. मराठीत आपण मानसोपचारतज्ज्ञ म्हणतो ते हेच.

• सायकॉलॉजिस्ट : मानसशास्त्रात डॉक्टरेट. चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो.

• एल.सी.एस.डब्ल्यू. : क्लिनिकल सोशल वर्कर. सोशल वर्कची मास्टर्स पदवी, त्यानंतर किमान दोन वर्षे देखरेखीखाली काम, परीक्षा आणि मग परवाना. हे स्वतंत्रपणे थेरपी देऊ शकतात. नुसते एल.एस.डब्ल्यू. असेल तर तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली थेरपी देतो.

• एल.पी.सी. : परवानाधारक समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर.

• एल.एम.एफ.टी. : जोडप्यांना आणि कुटुंबांना एकत्र बसवून काम करणारा.

• सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर : आमच्याच धंद्यातली पुढे शिकलेली नर्स. औषधही देऊ शकते.

‘थेरपिस्ट’ हा शब्द या सगळ्यांना लावतात, आणि काही जण परवाना नसतानाही वापरतात. म्हणून अक्षरे विचारावीत. न्यू जर्सीत डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्स या सरकारी खात्याकडे नाव दिले की परवाना चालू आहे का ते कळते. नातवंडांना सांगा, ते दोन मिनिटांत फोनवर बघून देतील.

सोशल वर्करला कमी लेखू नका. वॉर्डात आम्ही इंजेक्शन द्यायचो, ड्रेसिंग करायचो. पण पेशंटला घरी कोण नेणार, भाडे कोण भरणार, सून दार उघडेल का, हे सगळे सोशल वर्कर बघायच्या. एलजीबीटीक्यू मुलांच्या बाबतीतही तसेच. घरातून हाकललेल्या मुलाला छप्पर मिळवून देणे, शाळेशी बोलणे, ट्रान्सजेंडर व्यक्तीची नाव बदलण्याची कागदपत्रे करणे, आईवडिलांना समोर बसवणे, ही सगळी कामे त्यांची.

पहिल्या भेटीत काय होते

सुमारे पाऊण तास ते तासभर बोलणे होते. झोप, भूक, शाळा किंवा नोकरी, घरचे वातावरण, आणि जिवाचे बरेवाईट करायचे विचार येतात का, हे विचारतात. तो शेवटचा प्रश्न ऐकून घाबरू नका. विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

बोललेले गुप्त राहते. अपवाद असा की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा मुलाचा छळ होत असेल तर थेरपिस्टला पुढे कळवावे लागते. न्यू जर्सीत १६ वर्षे पूर्ण झालेले मूल पालकांच्या सहीशिवायही अशा समुपदेशनाला जाऊ शकते. आजी म्हणून आपल्याला सगळे कळायला हवे असा हट्ट धरू नये. ‘आज काय बोललास?’ असे न विचारता ‘जेवायला काय करू?’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

फोनवर वेळ घेतानाच हे प्रश्न विचारावेत : एलजीबीटीक्यू लोकांबरोबर किती वर्षे काम केले? परवाना कोणता? घरच्यांनाही भेटता का? भारतीय किंवा ज्यू घरांची माहिती आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा : ‘मुलाला बदलता येईल का?’ उत्तर ‘हो’ आले तर फोन ठेवून द्या.

खोटी मदत : न्यू जर्सीतला खटला

हे शेवटचे का म्हणते त्याचे उदाहरण आपल्या जवळचे आणि ज्यू समाजातलेच आहे. जर्सी सिटीत जोना नावाची संस्था होती. समलिंगी ज्यू मुलांना ‘नवा मार्ग’ देतो असे ती सांगायची. ज्यांनी बैठका घेतल्या त्यांच्यापाशी थेरपीचा परवाना नव्हता. एका बैठकीचे १०० डॉलर आणि वर गटाच्या बैठकीचे वेगळे. तरुणांना आरशासमोर कपडे काढायला लावले, टेनिसच्या रॅकेटने उशी बडवायला लावली, ती उशी म्हणजे आई असे समजून. मुलगा असा झाला तो आईवडिलांमुळे, हेच डोक्यात भरले जायचे. सांगा, अशाने घर जुळेल की मोडेल?

२०१२ मध्ये काही तरुणांनी आणि त्यांच्यातल्या दोघांच्या आयांनी ग्राहक-फसवणुकीच्या कायद्याखाली दावा लावला. या दोन आयांचे मला विशेष वाटते. पैसे त्यांनी मुलाच्या भल्यासाठीच भरले होते, आणि कोर्टात त्या मुलाच्या बाजूने उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले की समलिंगी असणे आजार आहे असे सांगून उपचार विकणे ही फसवणूकच आहे. २५ जून २०१५ ला ज्यूरीने संस्थेविरुद्ध निकाल दिला, सुमारे ७२ हजार डॉलर भरपाई ठरली, आणि वर्षअखेर संस्था बंद करावी लागली.

याआधीच, ऑगस्ट २०१३ मध्ये, न्यू जर्सीने १८ वर्षांखालील मुलांवर परवानाधारकांनी असे ‘बदलण्याचे’ उपचार करू नयेत असा कायदा केला होता. सही करणारे गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती रिपब्लिकन पक्षाचे आणि कॅथलिक. कॅलिफोर्नियानंतर असे करणारे हे दुसरे राज्य. भारतात २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने असे उपचार म्हणजे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. इस्राएलच्या आरोग्य खात्यानेही त्याच वर्षी वैद्यकीय व्यावसायिकांना त्याची मनाई केली.

पिस्कॅटवेमध्ये काय घडले, काय मिळते

आमच्या गावात रटगर्स विद्यापीठाचा बुश कॅम्पस आहे. सप्टेंबर २०१० मध्ये तिथल्या वसतिगृहात राहणाऱ्या टायलर क्लेमेंटी या १८ वर्षांच्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाचे खासगी क्षण खोलीतल्या जोडीदाराने कॅमेऱ्यातून पाहिले आणि इतरांना सांगितले. काही दिवसांतच टायलरने जीव दिला. त्याला कॉलेजात येऊन महिनाही झाला नव्हता. साऱ्या देशात हळहळ झाली. जानेवारी २०११ मध्ये न्यू जर्सीत शाळा-कॉलेजांतल्या छळाविरुद्ध कडक कायदा झाला, आणि टायलरच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने फाउंडेशन काढले. अशा जाण्यामागे एकच कारण कधी नसते, हे आम्हा नर्सना माहीत असते. पण वेळेवर बोलायला माणूस हवा, हे यातून सगळ्यांनाच कळले.

आज याच गावात रटगर्सच्या बिहेवियरल हेल्थ केअरचे मुख्य ठिकाण आहे. मानसशास्त्रज्ञ तयार करणारी रटगर्सची शाळाही इथेच आहे आणि तिच्या केंद्रात उत्पन्न पाहून कमी फी घेतात. शिकाऊ थेरपिस्ट असतात, पण वर अनुभवी माणसाची देखरेख असते. शेजारच्या हायलंड पार्कला, जिथे ज्यू वस्ती मोठी आहे, प्राइड सेंटर ऑफ न्यू जर्सी आहे.

आईवडील आणि आजीआजोबांसाठी पीफ्लॅग ही संघटना आहे. १९७३ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये पहिली सभा झाली, वीसेक माणसे आली होती. सुरुवात करणाऱ्या जीन मॅनफोर्ड शाळेत शिकवायच्या. मुलाला मारहाण झाली म्हणून ही आई रस्त्यावर उतरली होती. भारतीय घरांसाठी देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज आहे. तिथे आपल्यासारखेच बोलणारे, ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य न समजावता समजणारे पालक भेटतात. ज्यू तरुणांसाठी न्यूयॉर्कची जेक्यूवाय आहे. तिच्या केंद्रात सोशल वर्कर असतात आणि येणारी बरीच मुले धार्मिक घरांतली असतात.

निम्मा उपचार घरात

सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या केटलिन रायन स्वतः क्लिनिकल सोशल वर्कर. घरचे लोक कसे वागतात आणि पुढे मुलाचे काय होते, याचा त्यांनी अभ्यास केला. २००९ मध्ये तो बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात आला. ज्यांना घरच्यांनी फार झिडकारले होते अशा तरुणांनी जीव द्यायचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, ज्यांना क्वचितच झिडकारले गेले त्यांच्या तुलनेत ८ पटींहून जास्त होते. खोल नैराश्य जवळजवळ ६ पट. नर्स म्हणून मी सांगते, औषधाचा एवढा फरक आम्ही फार थोड्या वेळा बघतो.

झिडकारणे म्हणजे फक्त घराबाहेर काढणे नव्हे. सणाला बोलावले पण त्याच्या जोडीदाराला नाही, हेही झिडकारणे. ‘हे बाहेर कुणाला सांगू नकोस’ असे दटावणे, चेष्टा सहन करायला लावणे, नवे नाव मुद्दाम न घेणे, हेही. आणि घरच्यांनी थोडे जरी बदलले तरी धोका कमी होतो असे रायनबाईंना दिसले. सगळे पटले पाहिजे अशी अट नाही.

आजीला नातवाने सांगितले की, ‘आजी, तुला एक सांगायचंय,’ तर काय म्हणायचे? ‘सांगितलंस, बरं केलंस. तू माझाच आहेस. मला सगळं कळत नाही, पण तू मला समजाव.’ एवढे पुरते. ‘लग्न झाले की ठीक होईल’ हे मात्र कधी म्हणू नका. त्यात दुसऱ्याच्या मुलीचेही आयुष्य जाते.

तोरामध्ये काय लिहिले आहे हा प्रश्न आपल्या मनात येणारच, आणि तो राब्बीलाच विचारावा. वेगवेगळ्या पंथांचे राब्बी वेगवेगळे उत्तर देतात. थेरपिस्ट हलाखा ठरवत नाही. पण पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा, हे आपण सगळेच मानतो. मूल खचलेले असेल तेव्हा आधी तेवढे पाहावे.

मुंबई-पुण्यात

सोशल वर्कचे शिक्षण आपल्याकडे सुरू झाले ते आपल्याच मोहल्ल्यात. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याला नेबरहूड हाउस चालवले, आणि १९३६ मध्ये तिथूनच सर दोराबजी टाटा स्कूल सुरू झाले. आजचे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस, ते हेच. भायखळा, नागपाडा, जेकब सर्कलला वाढलेल्या वाचकांना ती गल्ली आठवेल. टिसची आयकॉल ही फोनवर समुपदेशन देणारी सेवा २०१२ पासून आहे.

मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो, अशोक राव कवी त्याच्या संस्थापकांपैकी. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला. त्यांची पुस्तके मराठीत आहेत, सोप्या भाषेत आहेत. ‘इंद्रधनू’ हे आपल्या वयाच्या वाचकाला चांगले. मुंबईची मरीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांनाच शिकवते की अशा लोकांबरोबर नीट काम कसे करावे. कारण पदवी असूनही मनात जुनी यादी घेऊन बसलेले पुष्कळ असतात.

शिकायला वय आड येत नाही याचे एक उदाहरण मद्रास उच्च न्यायालयाचे. २०२१ मध्ये दोन तरुणींचे प्रकरण न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आले. आपल्याला विषय कळत नाही असे म्हणून ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, आणि मग निकाल दिला. न्यायमूर्ती जाऊ शकतात, तर आपणही जाऊ शकतो.

आपल्या वयाच्या माणसांसाठी

हा विषय फक्त नातवंडांचा नाही. सत्तरीतली, ऐंशीतली माणसेही समलिंगी असतात. कुणी लग्न केले, मुले वाढवली, आणि जन्मभर गप्प राहिले. कुणी ‘लग्न जमले नाही’ म्हणत एकटे राहिले. जोडीदार ‘मित्र’ म्हणून घरात होता, तो गेला तेव्हा शिवा बसताही आले नाही. त्या दुःखावरही बोलता येते. न्यूयॉर्कची सेज ही संस्था १९७८ पासून वयस्क एलजीबीटीक्यू लोकांसाठीच काम करते. अमेरिकेत मेडिकेअर पार्ट बी क्लिनिकल सोशल वर्कर आणि सायकॉलॉजिस्ट यांचा खर्च देते. १ जानेवारी २०२४ पासून परवानाधारक काउन्सेलर आणि फॅमिली थेरपिस्टही त्यात आले. वर्षाचा डिडक्टिबल भरल्यावर साधारण ८० टक्के मेडिकेअर देते. थेरपिस्ट मेडिकेअर घेतो का, हे आधी विचारावे.

जपून ठेवायचे नंबर

• अमेरिका, कोणत्याही वयासाठी, दिवसरात्र : ९८८

• अमेरिका, एलजीबीटीक्यू तरुणांसाठी, ट्रेव्हर प्रोजेक्ट : १-८६६-४८८-७३८६

• भारत, सरकारी टेलि-मानस, मराठीतही : १४४१६

• भारत, टिसची आयकॉल : ९१५२९८७८२१

• इस्राएल, एरान : १२०१

जीव देण्याची भाषा कुणी केली तर नंबर शोधत बसू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका. अमेरिकेत ९११, भारतात ११२, इस्राएलमध्ये १०१ फिरवा. बाकी सगळे प्रश्न, लोक काय म्हणतील तोही, दुसऱ्या दिवशी बघता येतात.

हा लेख छापून घरातल्या फोनजवळ ठेवलात तरी चालेल. कुणाला उपयोग होईल ते सांगता येत नाही, कारण ज्याला गरज असते तो बहुतेक वेळा विचारत नाही.